वाफेवरचा मासा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

कामावरून परतल्यावर स्वयंपाकाला अर्धा तासही हाताशी नसतो आणि बाहेरचे तेलकट खाऊन कंटाळा आला आहे, असे तू कळवलेस, म्हणून दक्षिण चीनमधील कँटनी पद्धतीचा, आले आणि पातीचा कांदा घालून वाफवलेला मासा कसा करावा ते सविस्तर लिहिते. यात मसाला जवळजवळ नसल्यामुळे शिळा मासा लपवायला जागा नाही. खरेदीतच निम्मे काम होते, असे समज.

मासा पांढऱ्या मांसाचा आणि कमी काट्यांचा घ्यावा. अख्खा असल्यास त्याचे डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लालभडक असावेत आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. तुकड्या घेतल्यास साधारण अडीच सेंटिमीटर जाडीच्या आणि सगळ्या सारख्या घे, नाहीतर एक कच्ची राहते तोवर दुसरी कोरडी पडते. गोठवलेला मासा आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये खाली काढून ठेवावा, ओट्यावर नव्हे. शिजवण्यापूर्वी तो टिपून कोरडा कर आणि ताटलीत आल्याच्या चार चकत्यांवर ठेव. मीठ लावू नकोस, त्याचे कारण पुढे सांगते.

कढईत जाळी किंवा पालथी वाटी ठेवून तिच्याखाली राहील इतके पाणी खळखळून उकळू दे आणि मगच ताटली आत ठेवून घट्ट झाकण लाव. पाणी तापायच्या आधीच मासा ठेवला, तर वेळेचा हिशेबच राहत नाही. माशाच्या मांसात चिवट जोडऊती फार कमी असते, त्यामुळे ते भराभर शिजते आणि तितक्याच भराभर कोरडेही होते. अडीच सेंटिमीटरच्या तुकडीला आठ मिनिटे बहुधा पुरतात, पण घड्याळापेक्षा काट्या-चमच्यावर विश्वास ठेव: सर्वांत जाड भागात काटा घालून हलकेच फिरवल्यावर पापुद्रे सहज सुटले आणि आतला काचेसारखा अर्धपारदर्शकपणा गेला, की मासा झाला. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस दिसायला हवे.

आता जे बरेच जण करत नाहीत ते नक्की कर. ताटलीत साचलेले गढूळ पाणी ओतून टाक. माशाचा उग्र वास त्यातच उतरलेला असतो आणि सोया सॉस त्यात पडला तर तो फिका होतो. मग आल्याचे केसासारखे बारीक काप आणि उभी चिरलेली पात माशावर पसरून, चांगले कडकडीत तापवलेले चमचाभर तेल त्यांवर जपून ओत. चर्र असा आवाज होऊन पात क्षणात मान टाकते, तिचा हिरवा रंग उजळतो आणि सुगंध सुटतो. आवाज झाला नाही, तर तेल पुरेसे तापले नव्हते. तिळाचे तेल आवडत असेल तर त्याचे दोन थेंब सर्वांत शेवटी घाल.

सोया सॉस मात्र बेताने. त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी घ्यावे. म्हणून दोघांत मिळून एक मोठा चमचा पुरे, आणि वेगळे मीठ मुळीच नको. तो माशावर न ओतता ताटलीच्या कडेने सोड. पाहुण्यांपैकी कुणाला गहू चालत नसेल तर बाटलीवरचा मजकूर वाच, कारण बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. लसूण, मिरची, आणखी दोन-तीन सॉस घालण्याचा मोह होईल. माझ्या मते त्यांनी हा पदार्थ सुधारत नाही, फक्त गजबजतो.

भात आधी लावून ठेव आणि मासा उतरवल्यावर त्याच कढईतल्या उकळत्या पाण्यात, हवे तर थोडे वाढवून, एखादी हिरवी भाजी दोन मिनिटे बुडवून काढ, म्हणजे वेगळे भांडे लागणार नाही. उरलेला मासा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाफवलास तर चिवट होईल, त्यापेक्षा काटे काढून कुस्करून गरम भातात मिसळ आणि भातासकट चांगली वाफ येईपर्यंत परत.

तुझी,
आई