पारा किती घसरला एवढंच छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, बरीच वर्षं झाली अमेरिकेत मिशिगनला राहतो, तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचतो. थंडी पडली की बातमी ठरलेली, निफाडचा पारा इतक्यावर, वेण्णा लेकला हिमकण आणि सोबत पांढऱ्या झालेल्या गवताचा फोटो. पण त्या रात्री झाड कुठल्या अवस्थेत होतं हे कुठेच नसतं, आणि नुकसान तर त्यावरच ठरतं हो!

इथे २०१२ साली काय झालं बघा. मार्च म्हणजे मिशिगनमध्ये एरवी बर्फाचे दिवस, त्या वर्षी मार्चमध्येच पारा २७ अंशांच्या वर गेला, सफरचंद आणि चेरीची झाडं जवळपास महिनाभर आधीच जागी झाली, कळ्या उमलायला लागल्या आणि मग एप्रिलमध्ये एकामागून एक रात्री शून्याखाली गेल्या. सफरचंद आणि आंबट चेरी, दोन्हीचं जवळपास ९० टक्के पीक गेलं. एप्रिलमध्ये शून्याखाली जाणं इथे काही नवीन नाही, कळ्या मिटलेल्या असत्या तर एवढं झालं नसतं.

सफरचंदाची कळी नुकती फुगून टोकाला चंदेरी दिसते तेव्हा उणे ९ अंशांलाही शंभरातल्या दहाच मरतात. तीच पूर्ण फुलली की उणे २ ला दहा आणि उणे ४ ला नव्वद, म्हणजे अवघ्या दोन अंशांत वर्षाची कमाई गेली. आणि वरून काही कळत पण नाही, पाकळ्या छान दिसतात. एका ओळखीच्या बागवाल्याने ब्लेडने फूल उभं कापून दाखवलं, आत मधोमध काळं पडलेलं, ते बघून मला आमची बाग आठवली आणि पोटात गोळाच आला.

इथले लोक बागेत उंच पंखे लावतात, वारा पडलेल्या निरभ्र रात्री जमिनीलगत थंड हवा साचते आणि वर थोडी गरम असते, ती पंखा खाली ओढतो. काही जण रात्रभर फवारे चालू ठेवतात कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं, फक्त मध्येच बंद केले तर उलट जास्त नुकसान. आपल्याकडे शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, धडपड तीच.

आता आपल्या द्राक्षाचं बघा, ऑक्टोबर छाटणी सगळ्यांची एका दिवशी होत नाही, त्यामुळे ऐन थंडीत कुणाचा प्लॉट फुलोऱ्यात, कुणाचे मणी फुगवणीला, कुणाची साखर भरत असते. थंडीची रात्र एकच, पण फटका प्रत्येकाला वेगळा. म्हणून विनंती आहे की पाऱ्याच्या आकड्याशेजारी त्या भागात बागा कुठल्या अवस्थेत आहेत, छाटण्या साधारण कधी झाल्यात, एवढ्या दोन ओळी तरी छापत जा. तुमच्या तालुका वार्ताहराला कुठल्याही बागाईतदाराला एक फोन केला की हे कळेल.

— एक वाचक, मूळ निफाड तालुका, सध्या मिशिगन