कानाचं मशीन वाटलं, साचा कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रवणयंत्र वाटपाच्या शिबिरांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. पाहुणे एखाद्या आजोबांच्या कानाला मशीन लावतायत असा फोटो आणि खाली लाभार्थ्यांचा आकडा. त्या मशीनचं पुढे काय होतं ते माझ्या टेबलावर दिसतं, म्हणून हे पत्र.

चोपड्यात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळजीचा आणि कानाच्या मशीनचा तसा संबंध नाही. पण मशीनला गोल सेल लागतो आणि गोल सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, एवढ्या हिशेबावर अडावद, लासूर, पार सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून लोक बाजाराच्या दिवशी रुमालात बांधलेलं मशीन घेऊन येतात. माझ्याही दोन्ही कानांना मशीन आहे हे दिसलं की त्यांची खात्रीच पटते.

सेल हे निमित्त असतं, तक्रार वेगळीच निघते. लासूरकडच्या एक आजी म्हणाल्या, "दादा, हाई मशीन नुसती शिट्ट्या मारस." मी पाहिलं तर मशीन ठणठणीत. नळीच्या टोकाला सगळ्यांना एकच बसेल अशी तयार रबरी टोपी होती आणि ती आजींच्या कानात सैल पडत होती. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, कानामागच्या माइकमध्ये पुन्हा शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि मशीन केकाटायला लागतं. मग माणूस आवाज कमी करतो. शिट्टी थांबते, पण ऐकूही येत नाही. महिन्याभरात मशीन देव्हाऱ्याच्या फळीवर जातं आणि सून म्हणते, फुकटचं ते असंच.

फुकटचं म्हणून ते खराब नसतं. त्याला साचा नसतो. कानाचा साचा, ज्याला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवणारे तज्ज्ञ, मोल्ड म्हणतात, तो ज्याच्या-त्याच्या कानाच्या मापाचा करावा लागतो. आत दोरा बांधलेला स्पंजाचा बारीक तुकडा ठेवतात, पिचकारीने मऊ लगदा भरतात, तो काही मिनिटांत घट्ट होतो, मग अलगद काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तिथून अॅक्रिलिकचा किंवा सिलिकॉनचा पक्का साचा होऊन येतो. म्हणजे माणसाला दोनदा यावं लागतं, आणि शिबिर तर एकाच दिवसाचं. सगळी गोम इथे आहे. संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एक विनंती: वाटलेल्या मशीनचा आकडा छापताना साचे किती जणांचे घेतले, हेही आयोजकांना विचारा.

आता सेलबद्दल, कारण हा माझा प्रांत. कानाच्या मशीनचा सेल हवेवर चालतो. त्याला बारीक छिद्रं असतात आणि त्यावर रंगीत चिकटपट्टी असते: ६७५ नंबरला निळी, १३ ला केशरी, ३१२ ला तपकिरी, १० ला पिवळी. पट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. मिनिट-दोन मिनिटं थांबून मग मशीनमध्ये घालावा. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. कॅल्क्युलेटरचा एलआर ४४ मापाने हुबेहूब ६७५ सारखाच असतो, मशीनमध्ये चपखल बसतो आणि मशीन बोलूही लागतं. पण त्याची ताकद ६७५ च्या पाव भागाच्या आसपास, त्यामुळे दोन-चार दिवसांत मान टाकतो आणि नाव मशीनचं खराब होतं. खरे सेल तालुक्याला सहज मिळत नाहीत, मी जळगावहून आणून ठेवतो. सरकारने मशीनवर जीएसटी ठेवलेला नाही, सेलवर मात्र तो आहे. मशीन वर्षानुवर्षं पुरतं, सेल दर आठवड्या-पंधरवड्याला लागतो. सूट कुठे हवी होती, हे कोणीही सांगेल.

आणि आपलं खान्देशचं ऊन! मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कानामागे घामाची धार लागते. घाम सेलच्या खणात शिरतो आणि पितळी पट्टीवर हिरवा गंज धरतो. मी घड्याळाच्या ब्रशने तो खरवडून देतो, पण मुळात रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलं तर ही वेळ येत नाही. त्या पुड्या नव्या चपलेच्या खोक्यातही मिळतात. सेल मात्र या डबीत ठेवू नये, कोरड्या हवेत तो आतून सुकतो. सेल लहान पोरांच्या हाती लागू देऊ नये हेही जाता जाता सांगतो, गिळला तर जिवावर बेतू शकतं.

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना खात्यात तीन हजार रुपये मिळतात आणि त्यातून श्रवणयंत्र घेता येतं. हेतू चांगला. पण तीन हजारांत माणूस काय घेतो, तर मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेलं, सगळा आवाज सरसकट वाढवणारं खेळणं. वयाने कान जातो तेव्हा बहुधा बारीक, उंच आवाज आधी जातात. स, फ, त, क ही अक्षरं गळतात आणि साठ रुपये म्हटलेलं आठ ऐकू येतं. माझ्या गल्ल्यावर हे घडतं. अशा माणसाला ओरडून सांगितलं तर 'आठ'च मोठ्याने ऐकू येतो, 'स' काही येत नाही. म्हणून आधी ऑडिओमेट्री करून कोणता आवाज किती गेला याचा आलेख काढावा लागतो आणि त्याप्रमाणे मशीन बसवावं लागतं. त्यासाठी जळगाव किंवा धुळे गाठायचं. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याने एकट्याने जायचं म्हटलं तर स्टँडवर गाडीची घोषणा तरी कशी कळणार?

घरात मात्र फार पैसे न घालता बरंच करता येतं. दारावरच्या बेलच्या बटणावरूनच वायरमनकडून स्वयंपाकघरात एक एलईडी दिवा जोडून घ्या. बेल दाबली की दिवा लागतो. माझ्या घरी तेच आहे. गजराचं घड्याळ ऐकू येत नसेल तर उशीखाली ठेवायचं, थरथरणारं मिळतं. साध्या स्मार्ट बँडचा गजरही मनगटावर थरथरतो. (घड्याळवाल्याने बँडची शिफारस करावी, अशी वेळ आली आहे.) गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब २०१९ पासून अँड्रॉइड फोनवर आहे, समोरच्याचं मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. एक माणूस जवळून, सावकाश बोलला तर छान चालतं. गिऱ्हाईक अहिराणीत "जेवन व्हयनं का?" म्हणालं की मात्र ते काहीच्या बाही छापतं आणि आम्ही दोघंही हसतो.

मागणी एवढीच आहे. चोपड्यासारख्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी ऑडिओलॉजिस्ट यावा. पहिल्या दिवशी तपासणी आणि साच्याचं माप, दुसऱ्या दिवशी साचा बसवणं आणि जुन्या मशीनची दुरुस्ती. शिबिरं खुशाल घ्या, पण या दिवसांना जोडून घ्या. तिथेच योग्य नंबरचे सेलही मिळावेत.

दुसरी गोष्ट बँकेसारख्या ठिकाणच्या खिडक्यांची. अनेक मशीनमध्ये 'टी' नावाची सोय असते. खिडकीशी लूप, म्हणजे तारेचं एक वेटोळं आणि अॅम्प्लिफायर बसवलं, तर आतल्या माणसाचं बोलणं आजूबाजूच्या गोंगाटाशिवाय थेट मशीनमध्ये उतरतं. माझ्या मशीनमध्येही 'टी' आहे, पण ती लावावी अशी एकही खिडकी आमच्या गावात मला भेटलेली नाही. बँकेत काचेपलीकडून मान खाली घालून कोणीतरी काही पुटपुटतं आणि मागची रांग "आबा, सरका पुढे" म्हणते. लूप बसायला वेळ लागेल तो लागो. तोवर ज्येष्ठांच्या खिडकीवर दोरीने बांधलेल्या पेनाशेजारी एक वही ठेवली आणि आतल्या माणसाने त्यात दोन शब्द लिहून दाखवले, तरी आमचं काम होईल.

आपला,
एक घड्याळ दुरुस्ती कारागीर,
चोपडा, जि. जळगाव