शाली पोहोचल्या, आता सरांना थांबवून घेऊ या

सांगली-मिरज-कुपवाडकरांना नमस्कार.

विद्यापीठाच्या आंतरविभागीय फुटबॉल स्पर्धेत आपल्या महाविद्यालयाच्या पोरांनी चषक आणला, त्याला आता तीन आठवडे झाले. तेवढ्यात नऊ सत्कार झाले. शाली किती जमल्या ते मोजणं आम्ही मध्येच सोडलं. नारळ पोरांनी वसतिगृहाच्या मेसवर दिले, तर तिथल्या मावशींनी चौथ्या दिवशी हात जोडले, "आता नारळ घालायला भाजी उरली नाही." चौकात फ्लेक्स लागले. एकावर गोलरक्षक म्हणून भलत्याच पोराचा फोटो आहे, आणि दुसऱ्यावर शुभेच्छुकांचे चेहरे एवढे मोठे की अकरा खेळाडू शोधायला चष्मा लागतो. कौतुक मनापासूनचं होतं, तक्रार नाही. पण नवव्या सत्काराहून परतताना सरांनी, म्हणजे संघाच्या कोचनी, आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या हंगामाला मला जमेलसं वाटत नाही."

त्या एका वाक्यामुळे हे आवाहन लिहायला बसलोय.

आम्ही म्हणजे याच मैदानावर कधी काळी खेळलेले, आता पोटं सुटलेले माजी खेळाडू, आणि सध्याच्या पोरांचे आईबाप.

सांगलीत फुटबॉल खेळतात, पण सांगलीचा खेळ म्हणून फुटबॉलचं नाव कोणी घेत नाही. इथं कवठेपिरानच्या मारुती मानेंची कुस्ती, माधवनगरच्या स्मृती मानधनाची बॅट. पानटपरी चालवणाऱ्या घरातल्या संकेत सरगरनं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं, तेव्हा गल्लीतली पोरं वजनं उचलायचं बोलायला लागली. फुटबॉल म्हटलं की मात्र बोट कोल्हापूरकडं. तिथं पेठापेठांतल्या तालमींचे संघ, तिथं शाहू स्टेडियमची गर्दी. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यामुळे ठरलेलंच असायचं. सांगली विभाग जिंकायचा, कोल्हापुरात जाऊन पाच-सहा गोल खायचे आणि येताना मिसळ खाऊन यायचं. आमच्या वेळीही तेच. मिसळ तेवढी चांगली असायची.

सर त्याच कोल्हापूरचे. एका पेठेच्या संघात बारा हंगाम राइट हाफला खेळले. गुडघा गेल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा, म्हणजे कोच होण्याचा, कोर्स केला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर कंत्राटी कामाला आहेत. पहिली पाळी साडेतीनला सुटते. सांगली फाट्यावर येऊन एसटी धरायची, पाचच्या सुमारास सांगलीत उतरायचं, दिवेलागण होईपर्यंत मैदान, मग रात्रीच्या एसटीनं घर. गेल्या जुलैपासून हा माणूस आठवड्यातले पाच दिवस हे करतोय. त्याबद्दल आम्ही त्यांना काय दिलं? एसटीच्या तिकिटाचे पैसे. तेही मध्ये दोन महिने थकले होते, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

पहिल्या दिवशी सरांनी चेंडू पिशवीतून काढलाच नाही. आपलं मैदान तुम्हाला माहीत आहे. मधोमध क्रिकेटची खेळपट्टी, एका कोपऱ्यात गाडी शिकणाऱ्यांचे आठ, आणि वर्षातून चार-पाच वेळा प्रदर्शनं, मेळावे, सभा. मंडप उतरला की खड्डे आणि खिळे आपल्या वाटणीला. सरांनी चोवीस पोरांना हातभर अंतरानं ओळीत उभं केलं आणि या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत वाकून चालायला लावलं. तेलाचा डबा भरला. खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, एक अख्खी लोखंडी खुंटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दोघं जण "आम्ही काय भंगारवाले आहोत का" म्हणून गेले, ते आलेच नाहीत. मग एका पोराच्या वडिलांनी, त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, जुन्या स्पीकरमधली लोहचुंबकं एका पट्टीवर बसवून सायकलमागं ओढायचं अवजार तयार करून दिलं. ते अजून आहे. बघायला या, गंमत वाटेल.

आपली काळी माती पावसात स्टडला, म्हणजे फुटबॉलच्या बुटांना, धरली की एकेक पाय किलोभर जड होतो, आणि चेंडू सरकत नाही. म्हणून आपली पोरं तो उंच हाणायची, आणि पावसाळा संपला तरी हाणतच राहायची. वर्षानुवर्षं आमचा खेळ एवढाच होता: मागून लांब मारायचा आणि पुढच्यानं पळायचं. सरांनी ऑगस्टभर पोरांना मैदानात उतरवलंच नाही. सायकल स्टँडमधल्या सिमेंटवर खडूनं चौकोन आखले, बाहेर पाच, आत दोन. बाहेरच्यांनी चेंडू फिरवायचा, आतल्यांनी काढून घ्यायचा. चेंडू गुडघ्याच्या वर गेला की मारणारा आत. पोरांनी त्याला कोंडवाडा नाव ठेवलं. महिनाभर कोंडवाड्यात कोंडून घेतलेली पोरं सप्टेंबरात मैदानावर आली, तेव्हा आम्ही जुनी मंडळी बघतच राहिलो. मान वर करून, इकडंतिकडं बघून पास देणारी सांगलीची पोरं आम्ही आधी पाहिली नव्हती.

मग ऑक्टोबर छाटणी आली. संघाचा डावा बचावपटू तासगाव तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. छाटणीच्या दिवसांत घरचं माणूस बागेत नसेल तर चालत नाही, आणि विभागीय सामने नेमके त्याच आठवड्यात. दुसरा कोणी कोच असता तर यादीतून नाव कापलं असतं. सर रविवारी तासगावला गेले, बाग बघितली, त्याच्या वडिलांबरोबर बांधावर चहा घेतला आणि सौदा करून आले: पोरगा सामन्यांना येईल, त्याच्या बदली संघातली चार राखीव पोरं बागेत जातील. गेली. कात्री मात्र वडिलांनी कोणाच्या हातात दिली नाही. काड्या गोळा करायला आणि पेस्ट लावायला घेतलं. विभागीय चषक आला. बागही बरी लागलीय म्हणतात.

आंतरविभागीय स्पर्धेचा अंतिम सामना कोल्हापुरात, आणि समोर कोल्हापूरचंच महाविद्यालय. सरांच्या पेठेतली मंडळी आली होती, आपल्या विरुद्ध ओरडायला. एकानं सरांकडं बघून "फितूर!" अशी हाळी दिली, सगळी गॅलरी हसली, सरही हसले. पूर्वार्धात आपण आपल्या अर्ध्याबाहेर पडलोच नाही म्हणा ना. उत्तरार्धात पोरांनी चेंडू खाली ठेवला. पाच पास, सहा, सात, अगदी कोंडवाड्यातल्यासारखे. गॅलरी हळूहळू गप्प झाली. फुटबॉल कळणारं गाव आहे ते. आपल्या पोरानं मधल्या फळीत दोघांमधून चेंडू काढला तेव्हा पहिली टाळी त्यांच्याच बाजूनं पडली. गोल कोणाचाच झाला नाही. टायब्रेकरमध्ये चार-चार फटके झाले, ३-३. आपला पाचवा पोस्टला आतून लागून जाळीत गेला. त्यांचा पाचवा आपल्या गोलरक्षकानं डावीकडं झेपावून अडवला.

हा पोरगा मार्केट यार्डातल्या हमालाचा. वडील त्या दिवशी हळदीची पोती टाकून येऊ शकले नाहीत. कोणीतरी फोन चालू ठेवला होता, त्यावर ऐकत होते. शेवटी एवढा गोंगाट झाला की कोण जिंकलं ते त्यांना पाच मिनिटं कळलंच नाही. रात्री "फितूर" म्हणणाऱ्यांनीच अख्ख्या संघाला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण घातलं. तिघांची विद्यापीठाच्या संघात निवड झाली आहे.

आता पैशाचं. पहिली पाळी सुटली की लगेच निघायचं म्हणजे ओव्हरटाइम बुडतो, आणि कंत्राटी माणसाचं घर ओव्हरटाइमवरच चालतं. सरांची मुलगी येत्या वर्षी दहावीला जाईल. त्यात पुण्याकडच्या एका अकादमीनं त्यांना महिना पगारावर बोलावलंय. "जाऊ नका" असं आम्ही कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणायचं तर हातात काहीतरी घेऊनच म्हणायला हवं.

महाविद्यालयाला दोष देण्यात अर्थ नाही. जिमखान्याच्या निधीत प्रवेशफी, प्रवास आणि जर्सी बसते. कबड्डी, खो-खो, धावणं, बुद्धिबळ, सगळ्यांना मिळून शारीरिक शिक्षणाचे संचालक एकच. बाहेरून आणलेल्या कोचच्या मानधनाचं खातंच तिथं नाही. म्हणून दहा महिन्यांच्या हंगामासाठी महिना १५,००० रुपये, म्हणजे १,५०,००० रुपये आपण गावानं उभे करायचे असं आम्ही ठरवलं. पुण्याच्या पगाराएवढे ते नाहीत. सर म्हणाले, एवढे झाले तरी थांबतो.

त्याच्या खालोखाल खाणं. चोवीस पोरं, माणशी दोन अंडी, दोन केळी आणि मूठभर भिजवलेले चणे, याला आमच्या हिशेबानं २५ रुपये पडतात. दिवसाचे ६००, दीडशे दिवसांचे ९०,०००. हा आकडा बघून काही जण दचकतात. पण डबा सकाळी सात वाजता खाऊन जतहून एसटीनं येणारा पोरगा संध्याकाळी साडेपाचला उपाशी पोटी पळतो, आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्याचे पाय का भरतात हे कळायला कोच लागत नाही. चेंडूंचे १८,०००, ज्यांना घेणं शक्य नाही अशा दहा पोरांच्या स्टडचे १८,०००. गोलपोस्टची दुरुस्ती आणि जाळ्या १४,०००. २४ फूट रुंद, ८ फूट उंच पोस्टचे ते पाइप २०१९ च्या महापुरात बुडाले होते, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. वरून रंग मारलाय, आतून गंज आहे. तेव्हा कोणाकडं जाळ्या मागायची हिंमत झाली नाही. लोकांच्या घरातला चिखल निघत नव्हता.

एकूण २,९०,००० रुपये. माजी खेळाडूंनी आपसांत ३८,००० जमवलेत. उरले २,५२,०००.

वर्गणी काढून खेळाडू घडवायचे का, असं एका सद्गृहस्थांनी विचारलं. उदाहरण सगळे देतात तेच देतो, कारण दुसरं एवढं जवळचं नाही. १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं, सात हजारांना. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. आम्ही कोणाचं घर मागत नाही. एका फ्लेक्सला जेवढे घालवता तेवढे दिलेत तरी एखाद्या पोराचे स्टड निघतात.

पैशाऐवजी दुसरं काही देणारेही हवेत. मिरज डॉक्टरांचं गाव. हाडांच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनं आठवड्यातून एक तास मैदानावर आलं तरी अर्धी दुखणी वाढायच्या आत कळतील. गेल्या हंगामात एकाचा घोटा तीन आठवडे हळदीच्या लेपावर काढला, तो खरं तर पहिल्याच दिवशी दाखवायला हवा होता. कोणाकडं ट्रॅक्टर आणि रोलर असेल तर एप्रिलमध्ये दोन दिवस मैदान सपाट करायला द्या, डिझेल आम्ही घालू. आणि कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना खास विनंती: मोल्डिंगमध्ये मुरलेला माणूस पहिल्या पाळीला हवा असेल तर सरांशी बोला. शिरोली ते सांगली हा रोजचा प्रवास वाचला तर वर मागितलेल्या रकमेतले निम्मे पैसे आम्हाला नकोतच.

एक अट आमचीही आहे. देणगी कोणत्याही पक्षाच्या नावानं नको, आणि जर्सीवर कोणाचा फोटो येणार नाही. देणगीदारांची नावं जिमखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहू, खर्चाचा हिशेब त्याच्याच शेजारी. दर महिन्याला पुसून नवा.

रोज संध्याकाळी साडेपाच ते सात, मैदानाच्या पूर्वेकडच्या पिंपळाखाली आमच्यापैकी कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन बसलेलं असतं. पैसे जिमखान्याच्या खात्यात जातात, पावतीही जिमखान्याचीच. पावतीशिवाय कोणाच्या हातात पैसे देऊ नका, आणि फोन करून कोणी मागितले तर तो आमचा माणूस नाही. सर अकादमीला ३१ मार्चपर्यंत कळवणार आहेत, त्यामुळे मानधनाची रक्कम तरी त्याआधी जमली पाहिजे. स्टड, जाळ्या मागाहून आल्या तरी चालतील.

पैसे देणं जमणार नसेल तर येत्या रविवारी सकाळी सहाला मैदानावर या. परवाच एक मंडप उतरलाय. चुंबकाच्या सायकलला हवा भरून ठेवलीय, पण कडेच्या गवतातले खिळे हातानंच वेचावे लागतात.

आपले,
माजी खेळाडू आणि पालक, सांगली