विषय : फ्लॅट क्र. 602 मधील गळका गीझर दुरुस्त नव्हे, बदलून घेणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

महोदय,

माझी आधीची पत्रे सोसायटीच्या कपाटात सुखरूप असतील, अशी आशा आहे. त्यांवर कार्यवाही झालेली नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

602 च्या गीझरचे पाणी माझ्या बाथरूमच्या छतातून झिरपते. पोपडे पडून झाले. आता ओल एक्झॉस्ट फॅनच्या वायरीपर्यंत आली आहे आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वरचेवर पडतो. समितीचे म्हणणे, हा दोन सभासदांचा आपसातला प्रश्न. माझी चपलांची मांडणी दाराबाहेर होती, तेव्हा मात्र तो साऱ्या सोसायटीचा प्रश्न होता आणि नोटीस लगोलग हातात पडली होती. उपविधींनुसार सदनिकेतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने व इतरांना त्रास न होता करायची असते. (त्याच उपविधींत जिन्यातल्या सामानाबद्दल काय आहे, तो आजचा विषय नाही.)

602 चे सभासद म्हणतात, "गीझर तापला की थोडं टपकतंच." मान्य. 25 लिटरच्या टाकीतले पाणी 25 वरून 65 अंशांवर गेले की सुमारे 400 मिलिलिटरने फुगते आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. पण ते गीझर चालू असताना, आणि स्वच्छ. इथे बटण बंद असले तरी रात्रभर गळते, तेही तांबूस. म्हणजे आतली टाकीच गंजून तिला भोक पडले आहे. टाकी वाचवण्यासाठी आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो झिजून संपला की गंज टाकीला लागतो. रॉड वेळच्या वेळी बदलायचा असतो, हे त्यांना मीच सांगितले होते. त्यावर फक्त हसले. अशा टाकीला एम-सील लावणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे वेळकाढूपणा आहे. वेल्डिंगच्या आचेने आतला काचेचा लेपही जातो.

खरी भीती पुढेच आहे. टपकणे थांबावे म्हणून त्यांच्या प्लंबरने सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारले आहे. मी स्वतः जाऊन पाहिले. उद्या थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला वीज बंद करणारा) आणि कटआउट (त्याहून जास्त तापल्यास वीज तोडणारा) दोन्ही अडकले, तर आतला दाब जाणार कुठून? टाकी फुटली तर ती कोणाचा फ्लॅट क्रमांक विचारणार नाही.

501 आणि 503 यांचेही हेच मत आहे. वाईटपणा नको म्हणून ते लेखी देत नाहीत, पण लिफ्टमध्ये स्पष्ट बोलतात.

मी फार काही मागत नाही. बूच आजच्या आज काढावे. नवा गीझर बसेपर्यंत जुन्याचा प्लग काढून पाण्याचा कॉक बंद ठेवावा. नव्या व्हॉल्व्हची नळी नहाणीच्या जाळीपर्यंत न्यावी आणि अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. छत वाळल्यावर प्लास्टर व रंग त्यांच्या खर्चाने व्हावा, रंग मी निवडेन.

विषय येत्या सभेत घेऊन इतिवृत्तात नोंदवावा. 602 चे सभासद आपले खजिनदार असल्याने चर्चेपुरते त्यांनी बाहेर बसावे.

कळावे,
सभासद, फ्लॅट क्र. 502

प्रत : मा. खजिनदार, माहितीसाठी. अर्थात, त्यांना माहिती आहेच.