आई-बाबा, चेन्नईचं नक्की केलंय

लालबाग, मुंबई

प्रिय आई-बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नका. विषय काढला की बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात आणि आईला नेमकं तेव्हाच कुकर लावायचं आठवतं. मग काय करू? चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला मी होकार कळवलाय. इथे राजीनामाही दिला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचंय.

बाबा, 'कंत्राटी' या शब्दावर तुमचं गाडं अडलंय. पोर्ट ट्रस्टची पेन्शन घेणाऱ्याला करारावरची नोकरी ही नोकरीच वाटायची नाही. पण आत्ता आहे तिथे तरी काय कायम आहे? मार्चमध्ये आमच्याकडची दोन माणसं जेवायच्या सुट्टीनंतर टेबलावर परत आलीच नाहीत. तिथे निदान किती वर्षं ते आधी कागदावर लिहून देतात. पगार थोडा कमी आहे, थोडाच. घरात देते त्यात एक रुपयाही कमी होणार नाही.

आई, टीव्हीवर दाखवला त्या गोळ्यात मला बसवणार नाहीयेत. तो 'मत्स्य ६०००' पाणबुडीचा गोळा. टायटॅनियमचा, जेमतेम २.१ मीटर व्यासाचा, आत तीन माणसं आणि खाली ६,००० मीटर पाणी. त्यासाठी माणसं वेगळी निवडतात. मला विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, हे खरं. पण मला कोणी विचारत नाहीये, तेव्हा तू झोप.

माझं काम बोयांचं. बाबा, तुमच्या बंदरातल्या वाट दाखवणाऱ्या बोयांचं नव्हे. हे खोल समुद्रात नांगरून ठेवलेले पिवळे, तरंगते बोये असतात. वर वारा आणि हवेचा दाब मोजतात, खाली ५०० मीटरपर्यंत पाण्याचं तापमान आणि खारेपणा, आणि सगळे आकडे उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतात. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा खिडकीच्या फटीत जुने टॉवेल कोंबत तुम्हीच विचारलं होतं, "वादळ अजून समुद्रात आहे, मग यांना त्याचा जोर कळतो कुठून?" तेव्हा मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. आता नीट सांगते. उपग्रह वरून ढग बघतो, पाण्याचा वरचा पापुद्रा किती गरम तेही बघतो. पण वादळाला बळ मिळतं समुद्रातल्या उष्णतेतून, आणि ती किती खोल साठलीय हे पाण्यात यंत्र सोडल्याशिवाय नीट कळत नाही.

आणि ते यंत्र एकदा सोडून भागत नाही. बोयाला शेवाळ धरतं, शिंपल्या चिकटतात, बॅटरी संपते, सेन्सर भलतेच आकडे द्यायला लागतात. खालच्या सावलीला मासे जमतात म्हणून मच्छीमार त्यालाच होडी बांधतात. त्यात दोर तुटतो, कधी वरचं सामानच गायब होतं. मग जहाज न्यायचं, बोया वर ओढायचा, घासायचा, दुरुस्त करून पुन्हा सोडायचा. पाणबुडीसोबत फोटो काढायला सगळे येतात, बोया घासायला कोण येणार? खोल समुद्राच्या मोहिमेला २०२१ मध्ये ४,०७७ कोटी मंजूर झाले, चांगलंच झालं. पण यंत्र वर्षानुवर्षं चालू ठेवणारं कोणी नसेल तर त्या पैशाचं लोखंड होतं. वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला हे मी काय सांगू! अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे. मुंबईचा समुद्र किती चढला हे आज छातीठोकपणे सांगता येतं, ते कोणीतरी रोज न कंटाळता आकडे लिहिले म्हणून.

अंधेरीला गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेची शाखा आहे, तिथे का नाही, हे आईचं विचारून झालंय. आई, तिथलं कामही चांगलंच आहे, पण हे बोये चेन्नईहून हलतात.

राहायचं म्हणाल तर ऑफिसजवळच दोन मुलींबरोबर फ्लॅट ठरवलाय. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे (टँकरचं का होईना). इडली-सांबारावर मी कंटाळणार नाही, कंटाळलेच तर गोडा मसाला नेतेच आहे. अर्धा किलो पुरे, आई, दोन किलो करत बसू नकोस. जहाज म्हणजे मांडव्याची लाँच नव्हे, 'सागर निधी' १०४ मीटर लांब आहे. तरी मला बोट लागणारच. मांडव्याला काय झालं होतं आणि कुणाच्या पांढऱ्या शर्टावर, ते काढू नका.

रविवारी बाबा मला भाऊच्या धक्क्यावर न्यायचे. खांद्यावर बसवून प्रत्येक बोटीचं नाव वाचायला लावायचे, आणि चुकलं की पाय हलकेच दाबायचे. त्यांच्या केसांना ग्रीस आणि खोबरेल तेल असा दोन्हींचा वास यायचा. समुद्राचं वेड मला कुणी लावलं, ते आता बाबांनीच बघावं.

बरं, आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर नाही, याच महिन्यात. तारीख घेतलीय, मी असताना होईल. साखरेची गोळी जेवणाआधी, 'आठवलं की' नव्हे. आई, बीपीच्या गोळ्या रविवारी डबीत भरून ठेवायच्या, आणि 'आज बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडायची नाही. गॅसचा नंबर दादाच्या फोनवर टाकलाय, सिलेंडर तो बुक करेल. गच्चीवरची ताडपत्री पावसाआधी बदलून घ्या. बाबांनी स्वतः वर चढायचं नाही. खालच्या दुकानातल्या पोराशी बोलून ठेवलंय, त्याला हाक मारा.

एक राहिलं. गणपतीत जहाजाची तारीख लागली तर यंदा मला यायला जमणार नाही कदाचित. लागेलच असं नाही. लागली तरी गौरीपर्यंत पोचायचा प्रयत्न करीन, विमानाने दोन तासांचा तर रस्ता. माझ्या वाटणीच्या मोदकांवर आई मुळूमुळू रडत बसेल, तसं नको. दादाच्या पोरीला कळ्या पाडायला शिकव, तिचे हात माझ्यापेक्षा बरे आहेत.

बाबा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्त तपासायचंय. उपाशीपोटी, म्हणजे चहासुद्धा नाही. सकाळी सात वाजता तयार राहा, मी टॅक्सी सांगितलीय.

तुमची,
मनू