उलटलेल्या तापाविषयी

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा आक्का जवळच बसली होती, म्हणून मी फारसे विचारले नाही. घशाच्या तपासणीत फ्लू निघाला आणि रक्तात पुन्हा व्हायवॅक्स मलेरिया, हे ऐकल्यापासून एकच प्रश्न मनात घोळतो आहे. मागच्या वेळी मलेरिया उलटू नये म्हणून दिलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या तू पूर्ण 14 दिवस घेतल्या होत्यास ना?

क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी मरतात, ताप उतरतो आणि आपण बरे झालो असे वाटते. परंतु व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी, डास न चावताही पुन्हा रक्तात उतरतात; त्यांना मारण्यासाठीच प्रायमाक्विन असते. दुसऱ्या एखाद्या तापाने ते जागे होत असावेत असे काही संशोधकांना वाटते. तुझ्या बाबतीत फ्लूने तसेच केले की नवा डास चावला, हे कोणी खात्रीने सांगू शकणार नाही.

ताप आणि अंगदुखी दोन्ही आजारांत सारखीच असल्यामुळे फ्लू सापडल्यावर तपास तिथेच थांबला असता. पूर्वीच्या मलेरियाविषयी तू डॉक्टरांना आपणहून सांगितलेस, याचा मला फार अभिमान वाटतो.

लहानपणी कडू औषध गालात धरून ठेवायचास आणि माझी पाठ वळताच थुंकून टाकायचास. ते आठवले की गोळ्यांचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. आता तू मोठा आहेस, तुला असे विचारणे बरे नव्हे, माफ कर. पण गोळ्या अर्धवट राहिल्या असतील तर डॉक्टरांपासून लपवू नकोस, आणि पूर्ण घेतल्या असतील तर तेही सांग, कारण पूर्ण घेऊनही काहींचा ताप उलटतो आणि मात्रा वजनावरून ठरत असल्याने ती त्यांना पुन्हा तपासावी लागेल.

प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी जी-सिक्स-पी-डी ही, गोळी रक्तातल्या तांबड्या पेशींना बाधेल का हे सांगणारी, रक्ततपासणी झाली आहे का, तेवढे विचारून घे. गोळी जेवणानंतर घे. लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्यांना लगेच कळव, आणि धाप लागली किंवा ग्लानी आली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

मी शुक्रवारी तिकडे निघतो आहे. नको म्हणू नकोस.

तुझे,
बाबा