चावी कुणाकडं राहणार तेवढं सांग

प्रिय बाळा,

तू पाठवलेली पीडीएफ मोबाईलवर नीट दिसेना, पप्पांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून दिली आणि मी तुझे आर्किटेक्चरचे तिन्ही प्रोजेक्ट शेवटपर्यंत बघितले. वाचनालय, भाजी मंडई आणि आता थिसिसला घेतलेलं आपल्या कोल्हापुरातलं, पंचगंगेकाठच्या पेठेतलं समाजकेंद्र. फोनवर तू नेहमी घाईत असतोस आणि माझं बोलायचं तसंच राहतं, म्हणून सरळ लिहायलाच बसले.

मंडई सगळ्यात आवडली बघ. विकणाऱ्या बाईच्या ओट्याची उंची तू ती मांडी घालून बसते त्याच्यावरनं धरलीस, गिऱ्हाईक उभं राहिलं तरी दोघींची नजर जुळते, पोत्याला मागं जागा, सांडलेलं पाणी जायला ओट्याच्या पुढं पन्हळ. हे सुचलं कारण तू कपिलतीर्थ मंडईत त्या बायकांच्या शेजारी बसून माप घेत होतास. वाचनालय मात्र पटलं नाही. पश्चिमेला सगळी काच लावलीस, एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारला तिथं कोण पुस्तक उघडून बसणार, मग पडदे येणार, आणि पडदे आले की ती काच फक्त पुसायला उरली. आणि चित्रात जी माणसं दाखवलीस ती सगळी तुझ्याच वयाची, पाठीला सॅक लावलेली. पोर कडेवर घेतलेली बाई नाही, काठी टेकत आलेले आजोबा नाहीत.

आता थिसिसचं. हॉल आहे, अभ्यासिका आहे, विरंगुळा केंद्र आहे, ओपन थिएटर आहे, सगळं आहे, पण मी पानं उलटून उलटून एकच शोधत होते की ह्या इमारतीची चावी कुणाकडं राहणार? सकाळी उघडणार कोण, झाडणार कोण, लाईट बिलाचा मीटर कुणाच्या नावावर, मोटर जळली तर पैसे कोण काढणार? तुला वाटेल हा आर्किटेक्चरचा विषय नाही. मला वाटतं पहिला विषय तोच आहे.

आमच्या बचत गटाचं बघ ना. हॉल बांधलेला आहे, उद्घाटन झालं, फोटो आले, आणि आमची मीटिंग अजून देवळाच्या पायऱ्यांवर होते. चावी एकाकडं, तो कामावरनं येणार रात्री आठला, आम्हाला वेळ दुपारी चारची, शाळेतनं पोरं यायच्या आत. कधी उघडून मिळाला तर आत मांडवाचं सामान आणि मोडक्या खुर्च्या, आणि बाथरूमला वेगळं कुलूप. ज्या जागेत बाईला बाथरूम नाही तिथं बाई तासाभराच्या वर थांबत नाही, हे तुझ्या पुस्तकात असेल नसेल, तू लिहून ठेव. तुझ्या प्लॅनमध्ये लेडीज टॉयलेट हॉलच्या मागं, अंधाऱ्या बोळातनं जायचं दाखवलंय. ते पुढं आण, दारातनं दिसेल असं.

आपल्या तालमी का टिकल्या याचा विचार कर. इमारत म्हणून काही मोठी नसते, पण पहाटे उघडणारं माणूस ठरलेलं असतं, मातीची निगा राखायची, मारुतीपुढं दिवा लावायचा, आणि संध्याकाळी बाहेरच्या कट्ट्यावर फुटबॉलची चर्चा असते ती असतेच. पेठेतल्या पोराला ती जागा आपली वाटते. पण तिथं बायकांचं काही नाही, म्हणून तुझं केंद्र लागतंय. मग मला असं वाटतं की रस्त्याच्या बाजूला एक स्वयंपाकघर काढ, चटणी-पापड-भाकरीचं, ते गटाला चालवायला दे आणि चावी त्यांच्याकडं. त्यांना दिवसभर तिथं थांबावंच लागतं, भाड्यातनं बिल निघेल, आणि आत अभ्यासाला बसलेल्या पोरीच्या आईला घोर राहणार नाही. वॉचमनची केबिन दाखवलीस तिथं हे बसतंय बघ, मी पट्टीनं मोजलं नाही पण बसेल असं वाटतंय.

पुराचं अजून बोलायचंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे तू शीटवर लिहिलंस, निळी रेषा लाल रेषा पण काढलीस. पण खालच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग आणि पुस्तकांची कपाटं कशी काय ठेवलीस रे? २००५, २०१९, २०२१, मोठे पूर आपण बघितलेत, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पेठेत पाणी येणार हे धरूनच बांधायचं. खाली फरशी, तीही उताराची, स्विचबोर्ड डोक्याच्या वर, आणि पाईप लावून धुता येईल असं सगळं, कारण पाणी चार दिवसांत उतरतं पण गाळ काढता काढता कंबर मोडते, आणि तो वाळला की निघत नाही.

आणि त्याला निवारा केंद्र म्हणू नकोस. पाणी चढलं की ती इमारत मधोमध अडकणार, तिथं माणसं ठेवून कसं चालेल? सुतारवाड्यातल्या लोकांना दसरा चौकात चित्रदुर्ग मठात आणतात, बाकीचे शाळांत जातात, म्हणजे पाण्यापासनं लांबच. तुझ्या केंद्राचं काम त्याच्या आधीचं. कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, कुणाच्या दारात म्हशी आहेत याची यादी तिथं भिंतीवर पाहिजे. माणसं घर सोडायला तयार होत नाहीत त्याचं कारण बऱ्याचदा जनावरं असतात. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभं राहून दूध पितोस ना, त्या म्हशी कुठं न्यायच्या हे ज्याच्या नकाशात आहे त्याचं ऐकून लोक वेळेत निघतील.

तुझे सर म्हणाले की डिझाईनला आयकॉनिक काहीतरी पाहिजे. असू दे, पण खासबागेच्या कुस्ती मैदानात जाऊन बस एकदा. शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेलेले, रोमचं ते कलोसियम बघितलं आणि १९१२ ला इथं आखाडा उभा केला. परातीसारखा खोलगट, मधे एक खांब नाही, मागच्या रांगेतल्या हमालालाही डाव तितकाच स्पष्ट दिसतो. नाव त्याच्यामुळं झालं. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं, ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं तेव्हा रात्री लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. नाटकाचं तिकीट कधी न काढलेली माणसंसुद्धा त्यात असणार. सार्वजनिक जागा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

पणजीला तू कला अकादमी दाखवलीस तेव्हा म्हणालास की आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी रस्त्यापासनं मांडवी नदीपर्यंत मोकळं ठेवलंय, कुणीही आत येऊन पलीकडं जाऊ शकतं. ते तुझ्या केंद्राला का नाही? सध्या कंपाऊंड आहे आणि एकच गेट. गल्लीतनं घाटाकडं जाणारी वाट जर इमारतीखालनं गेली तर धुणं घेऊन जाणारी बाईसुद्धा रोज तिथनं जाईल, आणि पाणी आलं तर त्यालाही अडणार नाही.

हे सगळं मी एकटीनं सांगून उपयोग नाही. पुढच्या शनिवारी येतोयस तर ए-वन साईजच्या दोन प्रिंट तिकडनंच काढून आण, ग्राउंड फ्लोअर आणि तो सेक्शन, अक्षरं मोठी आणि मराठीत. रविवारी चारला गटाची मीटिंग आहे, त्यात वीस मिनिटं तुझी ठेवायला सांगितलीत. त्यातल्या सहा-सात जणी तुझ्या साईटच्याच गल्लीत राहतात, पाणी कुठल्या पायरीला लागतं ते बोट ठेवून दाखवतील. पेन्सिल आण, पेननं लिहू नको, बदलावं लागणार आहे.

जेवण वेळेवर कर. सबमिशनच्या नावाखाली रात्र रात्र जागू नको.

तुझी,
आई